चौदा वर्षांखालील मुलींना मोशन ऑफेन्स कसा शिकवावा?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि १४ वर्षांखालील मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवते. संघात १२ मुली आहेत. शाळा सुटल्यावर आठवड्यातून चार दिवस, एक तास, सिमेंटच्या कोर्टवर आमचा सराव होतो. गेल्या वर्षी मी मुलींकडून चार चाली पाठ करून घेतल्या होत्या. सरावात त्या बिनचूक होत. स्पर्धेत मात्र समोरच्या संघाने पहिलाच पास अडवला की मुली गोंधळून चेंडूभोवती गोळा व्हायच्या आणि शेवटी, जिचे ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) चांगले आहे अशी एकच मुलगी चेंडू घेऊन आत घुसायची. ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी मोशन ऑफेन्स शिकवा असे सुचवले. व्हिडिओ पाहून मी तो स्क्रीनसकट (म्हणजे मैत्रिणीला मोकळे करण्यासाठी तिच्या डिफेंडरच्या वाटेत उभे राहणे) शिकवायला घेतला, तर मुली एकमेकींवर आदळू लागल्या. स्पर्धेला अडीच महिने आहेत. सुरुवात कुठून करू? त्या एका मुलीचे काय करू? आमच्या मुलींना लांबून शॉट जमत नाही, तेव्हा समोरचा संघ रिंगखालीच गर्दी करून उभा राहिला तर काय करायचे? आणि शॉटच्या आधी किमान पाच पास झालेच पाहिजेत असा नियम लावू का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ‘सरावात त्या बिनचूक होत’ या वाक्यापाशी मी थांबलो, कारण तुमच्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. समोर कोणी नसताना केलेली चाल बिनचूकच होते, कारण त्या वेळी मुलीला काहीच ठरवायचे नसते. सामन्यात डिफेंडर पासच्या वाटेत हात घालते आणि पाठ केलेली पहिलीच पायरी निसटते. तिथून पुढे काय करायचे हे त्या मुलीला कोणी सांगितलेले नसते, म्हणून ती चेंडूकडे धाव घेते. मोशन ऑफेन्समध्ये उभे राहण्याच्या जागा आणि दोन-तीन नियम ठरलेले असतात, पण एखाद्या क्षणी कोणी कुठे धावायचे हे समोरच्या डिफेंडरच्या उभे राहण्यावर अवलंबून असते. या अडीच महिन्यांत मुलींना डिफेंडरकडे पाहून ठरवायला शिकवायचे, एवढेच काम हाती घ्या, आणि त्यासाठी पहिल्या दिवसापासून सरावात डिफेंडर उभी करा.

स्क्रीन या वर्षी पूर्णपणे बाजूला ठेवा. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंतील खेळ बहुधा अमेरिकी महाविद्यालयीन संघांचा असावा. तिथे या पद्धतीची मोठी परंपरा आहे. प्रशिक्षक बॉब नाइट यांचा इंडियाना विद्यापीठाचा संघ १९७६ मध्ये स्क्रीनवर उभ्या असलेल्या अशाच आक्रमणाच्या बळावर एकही सामना न हरता, ३२ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. मात्र ते वीस वर्षांच्या आसपासचे, रोज सराव करणारे खेळाडू होते. स्क्रीन लावताना दोन आक्रमक आणि दोन डिफेंडर, अशा चार जणी एका जागी येतात, आणि ज्या मुलींना अजून एकमेकींपासून अंतर राखता येत नाही, त्यांच्याकडून तिथे गर्दी होते, धक्के लागतात आणि हलत्या स्क्रीनचे फाउल होतात. पास देऊन कट मारणे, म्हणजे डिफेंडरला चकवून मोकळ्या जागेकडे वेगाने धावणे, अंगवळणी पडल्यावर, पुढच्या वर्षी, चेंडूपासून दूरच्या बाजूला स्क्रीन लावायला शिकवता येईल.

सुरुवात अंतरापासून करा. रिंगच्या बरोबर खालचा बिंदू केंद्र धरून, सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ खडूने आखा आणि त्यावर सारख्या अंतराने पाच खुणा करा: समोर मध्यभागी एक, दोन विंगला (मध्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या जागी) दोन आणि दोन कॉर्नरला (मागच्या रेषेजवळच्या कोपऱ्यांत) दोन. शेजारच्या दोन खुणांमध्ये साधारण सव्वाचार मीटर अंतर पडेल. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते आणि मोठे संघ तिच्या बाहेर उभे राहतात, पण तुमच्या मुलींचा छातीपासून दिलेला पास तेवढ्या अंतरावर मंदावेल आणि वाटेत पकडला जाईल. सव्वाचार मीटरवर तो जोरात पोहोचतो, आणि एकाच डिफेंडरला दोघींवर लक्ष ठेवता येऊ नये इतके हे अंतर पुरेसेही आहे. पाचही जणी बाहेर असल्याने रिंगखालची जागा मोकळी राहते, आणि तुमचा सगळा खेळ त्या मोकळ्या जागेसाठी आहे.

या रचनेत कोणाचीही जागा कायमची नसते. उंच मुलीला रिंगखाली उभी करून ठेवण्याचा मोह होईल, पण तो टाळा. बाराव्या वर्षी वर्गात सर्वांत उंच असलेली मुलगी सोळाव्या वर्षी मध्यम उंचीची ठरू शकते, आणि तोवर तिला पास देणे, वळणे, समोर तोंड करून खेळणे यांतले काहीच शिकवलेले नसेल, तर ते तिचे मोठे नुकसान आहे. शिवाय पाचही जागांचे नियम सारखेच असल्यामुळे बारापैकी कोणतीही मुलगी केव्हाही मैदानात उतरू शकते.

पहिला नियम असा की, पास दिला की उभे राहायचे नाही. रिंगकडे कट मारायचा. मात्र तो कट सरळ रेषेत, एकाच वेगाने पळून उपयोगाचा नाही. आधी एक-दोन पावले चेंडूच्या उलट दिशेला सावकाश टाकायची, डिफेंडर तिकडे झुकली की पाय रोवून वेगाने तिच्या पुढून आत शिरायचे, आणि शिरताना चेहरा चेंडूकडे व हात मागणीसाठी पुढे ठेवायचा. तुमच्या संघात खो-खो खेळणाऱ्या मुली असतील तर त्यांना हे पटकन उमजेल, कारण बचावाच्या पाळीत पाठलाग करणारीला हुलकावणी देताना त्या वेगाचा असाच बदल करतात. चेंडू मिळाला नाही तर रिंगखाली थांबायचे नाही; रिकाम्या खुणेवर बाहेर यायचे. तिथे थांबणारी मुलगी तीन सेकंदांच्या नियमात (आक्रमकाने रिंगसमोरच्या चौकोनात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबायचे नाही) सापडते, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या मैत्रिणीच्या कटची जागा अडवते. एकीने जागा सोडली की शेजारच्या मुलीने चेंडूच्या दिशेने सरकून ती भरायची, हा दुसरा नियम. त्यामुळे चेंडू हातात असलेल्या मुलीला शेजारी कोणीतरी नेहमी दिसते.

तिसरा नियम सर्वांत मोलाचा आहे आणि तुमचा गेल्या वर्षीचा प्रश्न तोच सोडवतो. माझी डिफेंडर खडूच्या रेषेबाहेर येऊन मला मिळणारा पास अडवत असेल, तर मी चेंडूकडे आणखी पुढे यायचे नाही. तिच्या पाठीमागून रिंगकडे धावायचे. यालाच बॅकडोअर कट म्हणतात. डिफेंडर जितकी जास्त पुढे येते तितकी तिच्या मागची जागा मोठी होते, म्हणजे पहिला पास अडवणारा संघ स्वतःहून लेअपची (धावत रिंगजवळ जाऊन मारलेल्या सोप्या शॉटची) वाट उघडून देत असतो. रेषेची खूण मुलींना फार उपयोगी पडते, कारण ‘डिफेंडर तुझ्या फार जवळ आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर बारा वर्षांची मुलगी धावता धावता देऊ शकत नाही, पण ‘तिचे पाय रेषेबाहेर आहेत का?’ हे तिला एका नजरेत दिसते. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी अनेक वर्षे आपला खेळ याच कटभोवती उभारला होता. १९९६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्या संघाने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला ४३-४१ असे हरवले, तेव्हा विजयाचे गुण शेवटच्या काही सेकंदांत बॅकडोअर कटवरच्या लेअपने आले. समोरचे खेळाडू अधिक उंच आणि अधिक चपळ होते, तरीही. आपल्या शाळांच्या संघांना या उदाहरणातून धीर मिळावा असे मला मनापासून वाटते.

आता हे शिकवायचे कसे, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नियम सांगून मुली शिकत नाहीत. पहिल्या आठवड्यात चेंडू तुम्ही समोर मध्यभागी धरा, एक मुलगी विंगवर आणि तिच्यासमोर एक डिफेंडर ठेवा. डिफेंडरला तुम्ही आधी गुपचूप खूण करा: कधी तिने पुढे येऊन पास अडवायचा, कधी मागे सरून उभे राहायचे. विंगवरच्या मुलीला काहीच सांगायचे नाही. डिफेंडर पुढे आली तर तिने मागून धावायचे, मागे राहिली तर जागेवर पास घ्यायचा. सुरुवातीला हे चालत करा, मग हळू पळत, मग पूर्ण वेगाने. मुलगी चुकली तर ‘कट मार!’ असे ओरडू नका, कारण मग ती डिफेंडरऐवजी तुमच्या आवाजावर अवलंबून राहील, आणि सामन्याच्या गोंगाटात तुमचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. खेळ थांबल्यावर एवढेच विचारा: ‘तुझी डिफेंडर कुठे होती?’ उत्तर तिलाच देऊ द्या. कंटाळा येण्याइतक्या वेळा तुम्हाला हा प्रश्न विचारावा लागेल, आणि तो विचारत राहणे हीच तुमची खरी शिकवणी आहे.

त्यानंतर तीन विरुद्ध तीन. बारा मुली आणि दोन रिंग ही विभागणी तुमच्यासाठी फारच सोयीची आहे, कारण दोन्ही बाजूंना तीन विरुद्ध तीन खेळ लावला तर एकही मुलगी रांगेत उभी राहत नाही. पहिले तीन आठवडे या खेळात ड्रिबल पूर्ण बंद ठेवा. साध्या लेअपला दोन गुण, बॅकडोअर कटवर मिळालेल्या लेअपला तीन गुण आणि बाहेरून मारलेल्या शॉटला शून्य, अशी मोजणी ठेवली की मुली आपोआप आत धावू लागतात. ड्रिबलशिवायचा खेळ तुम्हाला विचित्र वाटू नये म्हणून सांगतो की, १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी आपल्या वर्गातील १८ विद्यार्थ्यांसाठी हा खेळ तयार केला, तेव्हाच्या १३ नियमांत ड्रिबल नव्हतेच. चेंडू जिथे पकडला तिथूनच तो टाकायचा, असा नियम होता. चेंडू घेऊन पळता येत नसेल तर बाकीच्यांना पळावेच लागते, आणि तुम्हाला नेमके तेच हवे आहे.

या खेळात सुरुवातीला चेंडू वरचेवर हरवेल, आणि दोष बहुतेक वेळा कटमध्ये नसून पास देणारीच्या पायांत असेल. म्हणून रोजची पहिली दहा मिनिटे दोन पायांवर थांबणे, एका पायावर पिव्हट करून वळणे आणि दडपणाखाली पास देणे यांसाठी राखून ठेवा. चेंडू हाती आला की मुलीने प्रथम रिंगकडे तोंड करावे, नजर वर ठेवावी आणि आधी कट मारणारीकडे, मग शेजारणीकडे पाहावे. बॅकडोअरचा पास टप्पा देऊन द्यायला शिकवा. डिफेंडरचा हात वर आणि पुढे असतो, खालून गेलेला चेंडू तिला सापडत नाही. मुलींसाठीचा ६ क्रमांकाचा चेंडूच वापरा. मुलांच्या ७ क्रमांकाच्या चेंडूवर सराव केल्यास लहान हातांची पकड आणि शॉटची ढब, दोन्ही बिघडतात.

चौथ्या आठवड्यापासून ड्रिबल परत आणा, पण कारणासाठी. रिंगकडे घुसण्यासाठी, पासचा कोन सुधारण्यासाठी किंवा दडपणातून बाहेर पडण्यासाठी ड्रिबल करावे. चेंडू मिळताच सवयीने जमिनीवर आपटू नये. त्यातच आणखी एक गोष्ट जोडा: कोणी ड्रिबल करत माझ्या दिशेने येत असेल, तर मी तिथून निघून मागच्या वाटेने रिंगकडे जायचे. तुमच्या मुली आज चेंडूभोवती गोळा होतात, ती सवय या एका नियमाने बरीच सुटेल. सहाव्या-सातव्या आठवड्यात चार विरुद्ध चार खेळवा, आणि पाच विरुद्ध पाच तोवर फक्त सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत असू द्या. खडूच्या पाच खुणा साधारण दोन आठवड्यांनी पुसून टाका, अर्धवर्तुळ तेवढे राहू द्या; अंतर आता मुलींनी डोळ्यांनी मोजायला हवे.

चांगले ड्रिबल करणाऱ्या तुमच्या त्या मुलीविषयी मला विशेष आस्था वाटते. तिला रोखू नका आणि ‘तू एकटीच खेळतेस’ असे तिला सर्वांसमोर तर मुळीच बोलू नका. आजवर तिने संघ सावरला आहे, कारण दुसरा मार्ग तिला कोणी दाखवलेला नव्हता. ड्रिबलबंदी सगळ्यांनाच असल्याने तिला शिक्षा झाल्यासारखे वाटणार नाही. पास देऊन कट मारल्यावर धावत्या पायांवर चेंडू परत मिळतो आणि समोर एकच डिफेंडर उरते, किंवा एकही उरत नाही, हे तिने दोन-चार वेळा अनुभवले की ती स्वतःहून चेंडू सोडू लागेल. सामन्यात ती घुसेल तेव्हा इतरांनी काय करायचे, हेही ठरवून द्या. कॉर्नरमधल्या मुलींनी रिंगखाली धावू नये, आपल्या जागी तिला दिसतील असे उभे राहावे, आणि तिने सोडलेली जागा मागच्या मुलीने भरावी, म्हणजे वाट अडल्यास तिला मागे वळून सुरक्षित पास देता येईल. रिंगसमोरच्या चौकोनात दोन-तीन डिफेंडर तिच्यावर धावून आल्या, तर कॉर्नरमधली मुलगी मोकळी असणारच.

रिंगखाली गर्दी करून उभ्या राहणाऱ्या संघाचा प्रश्न खरोखर कठीण आहे, आणि या वयोगटात तो तुम्हाला वारंवार भेटेल. डिफेंडर आत सरल्या असतील तर बॅकडोअरला जागाच नसते, हे मुलींना स्पष्ट सांगा. अशा वेळी चेंडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला भराभर फिरवायचा. आत उभ्या असलेल्या डिफेंडरला बाहेर यायला तीन-चार मीटर धावावे लागते, आणि धावत येणारी व्यक्ती एकदम थांबू शकत नाही. ती धावत आली की तिच्या बाजूने एक ड्रिबल टाकून आत जायचे आणि दोन-तीन मीटरवरून, बोर्डचा आधार घेऊन शॉट मारायचा. हा छोटा शॉट तुमच्या मुलींच्या ताकदीत आहे; त्याच्या सरावाला रोज पंधरा मिनिटे द्या आणि साडेसहा मीटरवरून चेंडू फेकण्याची हौस सरावात तरी थांबवा, कारण ताकद कमी पडली की मुली कमरेपासून, दोन्ही हातांनी चेंडू ढकलतात आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. कट मारणेही बंद करू नका. कट मारणारी मुलगी आपली डिफेंडर सोबत ओढून नेते आणि क्षणभर का होईना, मागे जागा मोकळी होते. समोर झोन असेल, म्हणजे प्रत्येक डिफेंडर एकेका मुलीऐवजी आपापली जागा सांभाळत असेल, तर कट मारणाऱ्या मुलीने फ्री-थ्रो लाइनच्या आसपास, दोन डिफेंडरच्या मधल्या फटीत क्षणभर थांबून पास मागावा. तिथून दोन्ही कॉर्नर तिच्या नजरेत येतात.

शॉट घेतला गेला की सगळ्या जणी रिबाउंडसाठी (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यासाठी) आत धावल्या, तर उलट्या हल्ल्यात सोपे गुण जातात. शॉटच्या क्षणी जी समोर मध्यभागच्या खुणेच्या जागी असेल आणि जी तिच्या सर्वांत जवळ असेल, त्या दोघींनी मागे परतायचे, बाकी तिघींनी रिंगकडे. एवढे पुरे.

पाच पासची सक्ती मात्र लावू नका. हेतू चांगला आहे, पण सक्ती लागली की मुली पास मोजू लागतात आणि डिफेंडरकडे पाहणे सोडतात. पहिल्याच पासनंतर कट मारणारी रिंगखाली मोकळी असते आणि पास देणारी ‘अजून तीन राहिले’ म्हणून चेंडू बाहेर फिरवते. समोरच्या संघालाही चार पासपर्यंत धोका नाही हे दोन मिनिटांत कळते. त्याऐवजी त्या दिवशी न खेळणाऱ्या एखाद्या मुलीच्या हाती वही द्या आणि दोनच गोष्टी टिपायला सांगा: पास दिल्यावर किती वेळा कट झाला, आणि किती शॉट रिंगपासून तीन मीटरच्या आत घेतले गेले. पहिल्या काही सराव सामन्यांत गुणफलक तुमच्या विरुद्ध असू शकतो. मुख्याध्यापकांना आणि पालकांना हे आधीच सांगून ठेवा आणि हीच वही त्यांना दाखवा. आकडे वाढताना दिसले की तेही धीर धरतील.

स्पर्धेच्या दिवशी नवे काही शिकवू नका. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइम-आउट मिळतात, त्यांतल्या प्रत्येकात मुलींना आधी पाणी पिऊ द्या, मग सरावातला तोच प्रश्न विचारा: समोरच्या मुली रेषेबाहेर येऊन पास अडवत आहेत, की आत सरून उभ्या आहेत? पाच जणींपैकी तिघींनी बरोबर उत्तर दिले, तर पुढे काय करायचे तेही त्यांनाच एकमेकींना सांगू द्या, आणि उरलेल्या सेकंदांत तुम्ही फक्त कोण बसणार व कोण उतरणार तेवढे सांगा.